लांडग्यांचा वैद्य: एक मागोवा

लांडग्याचं सोंग घेऊन खेळायचे कल्पनेतले खेळ आता जगभर खेळले जातात. खेळणारा एक लांडगा निवडतो, त्याला नाव, वय, स्वभाव देतो आणि तो काय करतो, काय बोलतो हे लिहीत जातो. दुसरा खेळाडू आपल्या लांडग्याच्या तोंडून त्याला उत्तर देतो. कळपाला म्होरक्या असतो, शिकारी असतात, पिल्लं सांभाळणाऱ्या माद्या असतात आणि बहुतेक कळपांत एक वैद्यही असतो. शिकारीत रानगव्याचं शिंग लागून कुणाची फरी फाटली की त्याला गुहेत आणतात. वैद्य जखम चाटून साफ करतो, पाला चावून त्याचा लगदा भरतो, वरून कोळ्याचं जाळं दाबतो. कुठली मुळी कुठल्या ऋतूत उपटायची, कशाने ताप उतरतो, कशाने झोप येते हे त्याला ठाऊक असतं. हे ज्ञान तो हाताखालच्या पिल्लाला शिकवतो.

खऱ्या लांडग्यांत असा वैद्य नसतो. मग तो खेळात आला कुठून? त्याचा माग काढत गेलं की वाट अमेरिका-इंग्लंडवरून फिरून आपल्याच अंगणात येते: सिवनीचे डोंगर, वैनगंगेचं खोरं आणि त्याला लागून असलेला लालबर्रा. लालबर्रा तालुका बालाघाट जिल्ह्याच्या सिवनीकडच्या अंगाला आहे. इथं पोवारी, मराठी, हिंदी आणि गोंडी एकाच बाजारात ऐकू येतात. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, पण दोन्हीकडची बोली, सोयरीक आणि जंगल एकच राहिलं. तालुक्यातलं सोनेवानीचं जंगल कान्हा आणि पेंच या दोन व्याघ्रप्रकल्पांच्या मधल्या पट्ट्यात येतं. त्या लांडग्याच्या वैद्याची वंशावळ मांडायची तर या भागातल्या माणसांना तीत मानाची जागा द्यावी लागेल, आणि आजवर ती कुणी दिलेली नाही.

जवळचे पूर्वज

खेळातल्या वैद्याचा सर्वांत जवळचा पूर्वज लांडगा नसून मांजर आहे. एरिन हंटर या सामाईक टोपणनावाखाली काही लेखिकांनी मिळून २००३ पासून ‘वॉरियर्स’ ही मुलांची कादंबरीमाला लिहिली. त्यात रानात टोळ्यांनी राहणारी मांजरं आहेत आणि प्रत्येक टोळीला एक वैद्य-मांजर आहे. रक्त थांबवायला कोळ्याचं जाळं, जखम चिघळू नये म्हणून कॅलेंड्युलाची फुलं, दुखणं विसरायला खसखस, छातीत कफ भरला तर पुदिन्याच्या कुळातला कॅटमिंटचा पाला, अशी तिची औषधं. मुलांना ही मालिका इतकी आवडली की तिच्यावरून प्राण्यांच्या सोंगाचे असंख्य खेळ निघाले. लांडग्यांच्या वैद्याच्या झोळीत आज तोच माल दिसतो. हा सगळा पाला इंग्लंडच्या परसातला आहे. सोनेवानीच्या जंगलात यातली एकही वनस्पती आपोआप उगवत नाही.

त्यामागची पिढी टेबलावरच्या खेळांची. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला आणि सोंग घेऊन गोष्ट खेळण्याला नियमांची चौकट मिळाली. दोन वर्षांनी त्यात ड्रुइड आला. तो निसर्गाचा पुजारी, उपचार करणारा, आणि स्वतः जनावराचं रूप घेणारा. माणसातला वैद्य जनावराच्या कातडीत शिरला तो इथं.

मात्र लांडग्यांचा कळप, त्याचे नियम, त्याची सभा, म्होरक्याचं स्थान या गोष्टी ना मांजरांकडून आल्या ना ड्रुइडाकडून. त्या वैनगंगेवरून गेल्या.

सिवनीचा कळप

रुडयार्ड किपलिंगचं ‘जंगल बुक’ १८९४ मध्ये आलं, दुसरा भाग १८९५ मध्ये. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ सालचा, वडील जे. जे. कला विद्यालयात शिकवत. मोगलीच्या गोष्टी मात्र त्याने अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून लिहिल्या, आणि सिवनीचं जंगल त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. हा मुलूख त्याला मिळाला तो रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेलच्या पुस्तकांतून. मध्य प्रांतात सरकारी नोकरीत असलेल्या स्टर्नडेलने १८७७ मध्ये सातपुड्यातल्या तंबूतल्या दिवसांवर ‘सिवनी’ हे पुस्तक लिहिलं आणि १८८४ मध्ये भारत व श्रीलंकेतल्या सस्तन प्राण्यांवर मोठा ग्रंथ काढला. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकीकती विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने आधीच, १८५२ मध्ये, छापल्या होत्या. त्या अवधमधल्या, सुलतानपूरच्या आसपासच्या होत्या. अवधची मुलं आणि सातपुड्याचं रान एकत्र आलं आणि सिवनीचा कळप तयार झाला. वैनगंगा त्या गोष्टींत नावानिशी वाहते.

त्या कळपात वैद्य नाही. लांडगे जखमा चाटतात आणि जे वाचायचे ते वाचतात. दख्खनवरून रानकुत्र्यांची झुंड चालून येते त्या गोष्टीत कळपाचा जुना, म्हातारा म्होरक्या अकेला जखमांनी मरतो आणि कुणी त्याला पाला लावत नाही. वनस्पतीचा उपयोग एकदाच ठळकपणे होतो, आणि तो करतो मोगली. आग्या मोहोळाच्या कड्याखाली रानकुत्र्यांना ओढून नेण्याआधी तो रानटी लसूण गोळा करून अंगाला चोळतो, कारण माश्यांना तो वास सहन होत नाही. म्हणजे किपलिंगने कायदा, शिस्त आणि भाषा जनावरांना दिली. पाला मात्र माणसाच्या पोराच्या हातात ठेवला.

जंगलही त्याने थोडं बदललं. आपल्या दाट साल-सागवानाच्या रानात झुंडीने शिकार करणारं जनावर म्हणजे मुख्यतः कोळसून, तांबूस रानकुत्रा. लांडगा मोकळ्या माळाचा, झुडपी रानाचा आणि शेताच्या बांधांचा प्राणी. तो माणसाच्या वस्तीजवळ, शेळ्या-मेंढ्यांच्या मागावर राहतो. त्यामुळे लांडग्याला खऱ्या अर्थाने ओळखत असेल तर तो राखण करणारा माणूस. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

किपलिंगच्या कळपाला खेळाचं रूप मिळालं १९१६ मध्ये. बेडन-पॉवेलने लहान मुलांच्या स्काउट शाखेसाठी ‘वूल्फ कब’ची पुस्तिका लिहिली आणि तिची सारी मांडणी मोगलीच्या गोष्टींवर बेतली. मुलं वर्तुळात बसून लांडग्यांसारखी आरोळी ठोकू लागली. नेत्याला अकेला म्हणू लागली. आपल्या शाळांमधल्या कबच्या पथकांत ही परंपरा आजही चालू आहे. त्याच वर्तुळात मुलाला खरचटलेलं धुऊन पट्टी बांधायला शिकवतात. लांडग्याचं सोंग घेऊन दुसऱ्याच्या जखमेची काळजी घेणं सुरू झालं ते संगणकाच्या कितीतरी आधी, शाळेच्या मैदानात.

मुंगसाची मुळी

लांडग्याला औषध कळत नसेल, पण जनावराला औषध कळतं ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिचा नायक मुंगूस आहे. नागाशी झुंजताना डंख बसला की मुंगूस पळत रानात जातं, एक मुळी खातं आणि ताजंतवानं होऊन परत येतं, हे बालाघाटपासून कोकणापर्यंत प्रत्येक गावात सांगितलं जातं. ती मुळी कुठली, यावर मात्र एकमत नाही. कुणी मुंगूसवेल दाखवतं, कुणी सर्पगंधा.

ही गोष्ट छापील पुस्तकात पूर्वीच आली, आणि तीही गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि उरलेलं आयुष्य तिथंच राहिला. भारतीय औषधींवरचं त्याचं संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. सापाच्या विषावरच्या लाकडाबद्दल लिहिताना त्याने श्रीलंकेतली हकीकत दिली आहे: मुंगूस आधी ती मुळी चावायचं, तिचा रस अंगाला चोळायचं आणि मग नागावर तुटून पडायचं. ओर्ताच्या पुस्तकाचा सारांश युरोपभर फिरला. दोनशे वर्षांनी स्वीडनमध्ये लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली तेव्हा मुंगूसवेलीला ‘ओफिओऱ्हायझा मुंगोस’ असं नाव मिळालं. आपल्याकडच्या लोककथेतलं मुंगूस असं थेट वनस्पतिशास्त्राच्या वहीत जाऊन बसलं.

किपलिंगने रिक्की-टिक्की या मुंगसाच्या गोष्टीत ही समजूत साफ नाकारली. मुंगूस जिंकतं ते नजरेच्या आणि पायाच्या चपळाईने, असं त्याचं म्हणणं. तो बराचसा बरोबर होता. उरलेलं उत्तर १९९२ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी दिलं. नागाचं विष स्नायूंवरच्या एका ग्राहक रेणूला चिकटतं आणि स्नायू लुळे पडतात. मुंगसाच्या शरीरात त्या रेणूची ठेवणच थोडी वेगळी असते, त्यामुळे विषाला तिथं नीट पकड मिळत नाही. मुंगसाचं औषध रानात नसून त्याच्या अंगात आहे.

मुळी मात्र वाया गेली नाही, आणि इथं या वंशावळीतली सर्वांत मोलाची फांदी फुटते. सापाच्या विषावर, वेडावर, झोप येत नसेल तर म्हणून शतकानुशतकं सर्पगंधा दिली जात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाब आणि मनोविकार यांवरचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत सिद्दिकी यांनी तिच्या मुळीतले अल्कलॉइड वेगळे केले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर ती वापरून १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात निष्कर्ष छापले, आणि जगाचं लक्ष या झुडपाकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं रेसर्पिन वेगळं केलं. रक्तदाबावरची आणि मानसिक आजारांवरची नवी औषधं जन्मली त्या काळात रेसर्पिन अगदी पुढच्या रांगेत होतं. मुंगूसवेलीतही पुढे कॅम्प्टोथेसिन सापडलं. कर्करोगावरची काही औषधं याच द्रव्यापासून बनवली जातात.

नागाच्या विषावर यातलं काहीही चालत नाही. साप चावला तर मुळीच्या शोधात एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठावा आणि प्रतिविष टोचून घ्यावं. पावसाळ्यात शेतात आणि बांधावर काम करणाऱ्या आपल्या भागात हे पुन्हापुन्हा सांगायला हवं.

अस्वल आणि अथर्ववेद

आणखी मागं गेलं की कळपातला वैद्य आपल्या महाकाव्यात सापडतो. रामायणातल्या युद्धकांडात इंद्रजिताच्या बाणांनी सगळी वानरसेना पडलेली असते. बिभीषण मशाल घेऊन जिवंत कोण आहे ते बघत फिरतो. ऋक्षराज जांबवान, म्हणजे म्हातारं अस्वल, जखमी होऊन पडलेला. त्याला नीट दिसतही नाही. तो पहिला प्रश्न हनुमानाबद्दल विचारतो. मारुती जिवंत असेल तर सेना जिवंत आहे, असा त्याचा हिशेब. मग तोच हनुमानाला सांगतो की हिमालयात कुठल्या दोन शिखरांच्या मधे औषधींचा डोंगर आहे आणि तिथल्या कुठल्या चार वनस्पती आणायच्या: एक प्राण परत आणणारी, एक रुतलेलं शस्त्र बाहेर काढणारी, एक कातडीचा रंग पूर्ववत करणारी आणि एक तुटलेलं सांधणारी. जखम बरी होण्याच्या पायऱ्याच या चार कामांत मांडल्या आहेत. पुढे लक्ष्मण पडतो तेव्हा हीच माहिती वानरांतला सुषेण देतो. लांडग्यांच्या खेळातल्या औषध जाणणाऱ्या वैद्याचा जांबवान हा आपल्या मातीतला आद्य पुरुष म्हणता येईल.

त्याच्याही मागे अथर्ववेद आहे. आठव्या कांडातलं सातवं सूक्त औषधी वनस्पतींना उद्देशून आहे. रानडुकराला वनस्पती कळते, मुंगसाला औषध कळतं, असं त्यात म्हटलं आहे. पुढे साप, गरुड, हंस, हरणं यांची नावं येतात, मग गाई, शेळ्या आणि मेंढ्या खातात त्या वनस्पतींची. हे सगळं झाल्यावर मग माणसांतल्या वैद्यांना ठाऊक असलेल्या औषधी येतात. यादीत लांडगा नाही, आणि हा क्रमही विचार करण्यासारखा आहे. शेवटी ज्या जनावरांपाशी ही यादी येते ती सगळी राखलेली जनावरं आहेत. रानडुकरापासून वैद्यापर्यंत येताना मधे गाई-शेळ्या आहेत, आणि जिथं गाई-शेळ्या आहेत तिथं त्यांच्यामागे काठी घेऊन उभा असलेला एक माणूस आहे.

ग्रीसमध्येही अशीच समजूत होती. ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांवरच्या ग्रंथात क्रीट बेटावरच्या रानशेळ्या बाण लागल्यावर एक विशिष्ट वनस्पती शोधून खातात आणि जंत झालेली कुत्री उभ्या पिकातलं धान्य खातात, असं लिहिलं आहे. तिथंही हे आधी पाहिलं असणार ते शेळ्या राखणाऱ्यानेच.

मधला माणूस

चरकसंहितेने त्या माणसाचं नाव घेतलं आहे. ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे की शेळ्या राखणारे, मेंढ्या राखणारे, गाई राखणारे आणि रानात राहणारे इतर लोक यांना औषधी नावानं आणि रूपानं ओळखता येतात. लगेच पुढे चरक बजावतो की नुसतं नाव आणि रूप ओळखून भागत नाही, तिचा उपयोग कसा करायचा ते कळलं तर तो वैद्य. सुश्रुतही औषधी ओळखण्यासाठी गुराखी, तापसी, शिकारी आणि रानवासी यांना विचारा, असं सांगतो. इतक्या जुन्या वैद्यकपरंपरेने आपल्या पहिल्या गुरूचा ठाव इतका स्पष्ट सांगितलेला असताना पुढच्या गोष्टींत तो गुरू नाहीसा झाला. त्याच्याकडची मुळी मुंगसाच्या, अस्वलाच्या, शेवटी लांडग्याच्या तोंडात गेली.

आपल्या भागात हा माणूस म्हणजे ढोरकी, गोवारी, गोंड, बैगा. ढोरकी सकाळी गावभरची जनावरं हाकत रानात नेतो आणि दिवसभर त्यांच्यामागे चालतो. कुठलं झुडूप खाऊन गाय फुगली, कुठला पाला शेळी तोंडसुद्धा लावत नाही, हगवण लागलेलं वासरू कशाकडे वळतं, हे त्याच्यासमोर रोज घडतं. बैगांकडे औषध आणि देव दोन्ही. गोंडांच्या गावातही पूजेला आणि दुखण्याला बैगाच बोलावला जातो. वेरियर एल्विनने १९३९ मध्ये बैगांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याआधी १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले. कागदावर हे ज्ञान आलं ते असं, अधिकाऱ्या-अभ्यासकांच्या मार्फत.

हे ज्ञान जुनं म्हणून थांबलेलं नाही. रानात काट्याने चिरलं किंवा कुऱ्हाडीचं पातं निसटलं की ढोरकी वाकून बांधावरची कंबरमोडी उपटतो. कुणी तिला एकदांडी म्हणतं, कुणी दगडीपाला. एकेकट्या लांब दांड्यावर पिवळसर मधलं आणि पांढऱ्या पाकळ्यांचं बारीक फूल, कडा दातेरी असलेली खरखरीत पानं. पानं तळव्यावर ठेवून दुसऱ्या तळव्याने घासायची, हिरवा रस सुटला की तो जखमेवर पिळायचा आणि तोच चोथा वरून दाबून धरायचा. थोडी आग होते आणि रक्त थांबतं. ही वनस्पती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. चरकाला ती ठाऊक असणं शक्य नाही. म्हणजे गेल्या काही शतकांत एक परकं तण आपल्या बांधावर आलं आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी ते पारखून, वापरून, घराघरात पोचवलं. प्रयोगशाळांनी तिच्या रसाचा जखमेवर होणारा परिणाम नंतर उंदरांवर तपासला. कळपातल्या वैद्याचं खरं काम मला या तळव्यात दिसतं.

लांडग्यासाठी औषध नव्हे, विष

या वंशावळीत एक काळी फांदीही आहे आणि ती वगळली तर मागोवा खोटा ठरेल. माणसाने लांडग्याला झाडपाला दिला तो मारण्यासाठी. बचनागाच्या कुळातल्या एका वनस्पतीला युरोपात लांडग्यांच्या नावाने ओळखतात, कारण तिचं विष आमिषात घालून लांडगे मारले जात. कुचल्याच्या बियांत असणारं स्ट्रिक्निन १८१८ मध्ये फ्रान्समध्ये वेगळं काढलं गेलं, आणि त्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेत मेलेल्या जनावरांत ते भरून लांडग्यांचे कळपच्या कळप संपवले. आपल्याकडे विषापेक्षा बक्षिसाने काम केलं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मोजणीनुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत ब्रिटिश भारतात बक्षिसासाठी ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. किपलिंग सिवनीच्या कळपाची सभा लिहीत होता त्याच वर्षांत कचेऱ्यांमध्ये लांडग्यांची कातडी मोजून पैसे दिले जात होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला अखेर पहिल्या अनुसूचीत जागा दिली.

लांडगा खरोखर काय करतो

मग लांडग्याला औषध अजिबात कळत नाही का? थोडं कळतं, आणि ते आपल्या दारातल्या कुत्र्यात दिसतं. कुत्रं बांधावरची हरळी निवडून खातं आणि कधी ओकतं. पोट बिघडलं म्हणून खातं, असं आपण म्हणतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी दीड हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तेव्हा दिसलं की गवत खाण्याआधी आजारी दिसणारी कुत्री दहांत एकही भरत नाहीत. बहुतेक कुत्री धडधाकट असतानाच गवत खातात. हार्ट यांचं मत असं की हा लांडग्यांकडून आलेला वारसा आहे: तंतुमय गवत आतडं ढवळून जंत बाहेर काढतं. ॲडॉल्फ म्यूरी यांनी अलास्कातल्या लांडग्यांवर १९४४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात लांडग्यांच्या विष्ठेत गवत आणि त्यासोबत गोल जंत सापडल्याची नोंद आहे. जखम चाटण्यातही तथ्य निघालं. १९९० मध्ये हार्ट आणि पॉवेल यांनी दाखवलं की कुत्र्याची लाळ दोन प्रकारच्या जिवाणूंना मारते. मात्र ती सगळ्या जिवाणूंवर चालत नाही आणि माणसाच्या जखमेला तर अजिबात लावू नये.

लांडग्याहून पुढे माकडं आणि वानर गेले. टांझानियातल्या महाले डोंगरात मायकेल हफमन आणि स्थानिक वाटाड्या मोहम्मदी सैफू यांनी १९८९ मध्ये नोंदवलं की आजारी चिंपांझी मादीने एका कडू झुडपाचा गाभा चोखला आणि ती सावरली. सैफूच्या जमातीत तेच झुडूप पोटाच्या दुखण्यावर देतात. इथं वाटाड्याचं नाव निबंधावर लेखक म्हणून छापलं गेलं, हे मला त्या शोधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. २०२२ मध्ये सुमात्रातल्या राकुस नावाच्या ओरांगउटानच्या गालावर जखम झाली होती. त्याने एका वेलीची पानं चावून रस जखमेवर लावला आणि मग चोथ्याने ती झाकली. पाच दिवसांत जखम मिटली आणि महिन्याभरात पुसट व्रण उरला. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ती वेल ज्या कुळातली, त्याच कुळातली गुळवेल आपल्याकडे लिंबाच्या झाडावर चढलेली असते. राकुसने केलं ते आणि ढोरकी कंबरमोडीने करतो ते जवळपास एकच.

म्हणून कल्पनेतल्या कळपाच्या वैद्याला खोटं म्हणून झटकून टाकावं असं मला वाटत नाही. तो अनेक खऱ्या गोष्टींनी बनला आहे: लांडग्याचं गवत, वानराचा चोथा, जांबवानाची आठवण, वर्तुळातली पट्टी. त्याच्या झोळीत इंग्लंडच्या परसातला पाला आहे तेवढा बदलायला हवा. लालबर्ऱ्यातलं एखादं पोर उद्या सिवनीच्या कळपाचा वैद्य लिहायला बसलं, तर त्याच्याकडे हिरडा, बेहडा, गुळवेल, कंबरमोडी, बिब्बा आहे, आणि बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर फोड उठतात हे शिकवणारे म्हातारेही आहेत. ते त्याने विचारून घ्यावं, कारण सर्पगंधेचं रान आता उघडं पडत चाललं आहे. मुळ्यांसाठी अख्खं झुडूप उपटलं जातं, आणि १९९० पासून ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी असं ठरवलं. या नोंदवहीच्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचं मोठं काम आहे. कुठली वनस्पती कुठे उगवते, तिचा उपयोग काय आणि तो कुणाला ठाऊक आहे, हे तिच्यात लिहायचं असतं. तो शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरला गेला पाहिजे. तिथं ढोरक्याचं, बैगाचं, रानात मोह वेचणाऱ्या बाईचं नाव यायला हवं, तिच्या अनुमतीने आणि ज्ञानाचा वाटा तिला मिळेल अशा रीतीने. चरकाने ज्यांना औषधींचे जाणकार म्हटलं त्यांची नावं इतक्या शतकांनी कागदावर आली, तर लांडग्यांच्या वैद्याची वंशावळ पुरी होईल.